परभाषेतील गद्य आणि त्याचा वाचक : मराठी भाषकांच्या इंग्रजी लेखनासंबंधी काही विचार

मराठी भाषकांनी इंग्रजीत केलेल्या लेखनाचा विचार आजवर प्रायः दोन अंगांनी होत आला आहे. एक अंग स्वाभिमानाचे. परकी भाषेत लिहावेच का, हा त्यातील मूळ प्रश्न. दुसरे अंग शुद्धतेचे. लिहावयाचेच झाले तर इंग्रजाच्या कानाला खटकणार नाही असे कसे लिहावे, हा त्यातील प्रश्न. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. तथापि दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की, या लेखनाचा अंतिम परीक्षक कोणी इंग्रज आहे. पहिला पक्ष त्या परीक्षकाला नाकारतो, दुसरा त्याला वंदन करतो. तो तेथे बसलेला आहे याविषयी मात्र दोघांचे एकमत असते. प्रस्तुत लेखात या गृहीताचाच विचार करावयाचा आहे. परभाषेतील गद्याचा चांगलेपणा त्या भाषेच्या जन्मजात भाषकाशी साधलेल्या साम्यावर अवलंबून असतो, की ते गद्य ज्याला उद्देशून लिहिले त्या वाचकाच्या अचूक जाणिवेवर? मराठी भाषकांच्या इंग्रजी गद्याचा इतिहास दुसऱ्या उत्तराकडे झुकतो, असे मला वाटते.

हा प्रश्न आज जेथे रोज प्रत्यक्ष उपस्थित होतो अशा एका ठिकाणाचा निर्देश आरंभीच करणे सोयीचे होईल. बंगळूर शहराच्या आग्नेय भागात, आगरा तलावाला लागून, एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. बंगळूर विकास प्राधिकरणाने ती आखली. सेक्टर सात, रस्त्यांना नावांऐवजी 'मेन' आणि 'क्रॉस' असे क्रमांक, आणि वसाहतीचे नाव तरी काय, तर होसूर-सर्जापूर रोड या शब्दांची तीन इंग्रजी आद्याक्षरे. संगणकव्यवसायातील लहानमोठ्या कंपन्यांनी हा परिसर गजबजलेला आहे, आणि त्यांत काम करणाऱ्यांत पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव या बाजूंनी आलेली मराठी माणसे आहेत. त्यांचा शेजारी कन्नड, तमिळ, तेलुगू, मल्याळी नाही तर बंगाली असतो. बोलण्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजी यांची सरमिसळ चालते. लिहिण्याची वेळ आली की मात्र एकच भाषा उरते. भाडेकरार इंग्रजीत, राजीनामा इंग्रजीत, अनामत रक्कम परत मागणारे पत्र इंग्रजीत, गृहसंकुलाच्या फलकावरील पाण्याची सूचना इंग्रजीत. परदेशी ग्राहकाला लिहिलेली पत्रे सोडली, तर या साऱ्या लेखनाला इंग्रज वाचक नाही. लिहिणाऱ्याची ती मातृभाषा नाही आणि वाचणाऱ्याचीही नाही. अशा लेखनाला चांगले म्हणावयाचे ते कोणत्या मापाने?

परभाषेतील लेखनाची परीक्षा बंगळूरला नवी नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हे ठाणे घेतल्यावर ते शहाजीराजांकडे आले, आणि त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये हा कवी आला. त्याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. आपणास बारा भाषा येतात असे कवी सांगतो, आणि काव्याच्या अखेरच्या भागात निरनिराळ्या भाषांतील कवी राजासमोर समस्यापूर्ती करताना दिसतात. त्यातील भाषांच्या शुद्धाशुद्धतेची चर्चा हा स्वतंत्र विषय आहे. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की तेथे परीक्षक समोर बसलेला होता. चरण जमला की नाही, हे सभेतच ठरत होते. एकोणिसाव्या शतकात मराठी माणूस इंग्रजी लिहू लागला तेव्हा ही सोय राहिली नाही. वाचक दूर होता, सत्ताधारी होता, आणि बहुधा अदृश्य होता.

या नव्या स्थितीचे सर्वांत बोलके उदाहरण १८८२ सालचे आहे. त्या वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्याहून ज्या साक्षी गेल्या त्यांत दोन अशा आहेत की, त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. जोतीराव फुले यांनी आपले निवेदन इंग्रजीत सादर केले. पंडिता रमाबाईंनी आपली साक्ष मराठीत दिली व ती भाषांतरित होऊन आयोगाच्या कागदपत्रांत गेली. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेले होते; रमाबाईंचा इंग्रजीशी परिचय तेव्हा नुकता होऊ लागला होता. पण दोघांपैकी कोणाचेही म्हणणे भाषेमुळे अडलेले नाही. रमाबाईंनी मुलींसाठी स्त्रीशिक्षिका हव्यात आणि स्त्रियांसाठी स्त्रीवैद्य हव्यात असे सांगितले. फुल्यांनी प्रथम आपल्या शाळांचा अनुभव नोंदविला, मग सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या वाट्याला जातो, हा हिशेब मांडला. आणि प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी व बालबोध लिहिणे-वाचणे, जमाखर्च, शेतीची मूलतत्त्वे, आरोग्याचे धडे अशी नेमकी यादी दिली. 'मोडी' आणि 'बालबोध' हे शब्द त्यांनी तसेच ठेवले आहेत, कारण त्यांना इंग्रजी प्रतिशब्द नाहीत आणि पुण्यात साक्षी घेणाऱ्या अधिकाऱ्याला ते परके नव्हते. वाचकाला काय ठाऊक आहे आणि काय सांगावयास हवे, याचा अंदाज या गद्यात चुकलेला नाही.

हेच फुले 'गुलामगिरी'त (१८७३) पाहावेत. ग्रंथाचे शरीर मराठी संवादाचे आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. अवतारकथांची उलटतपासणी चालते, टोमणे येतात, बोलीचा ठसका येतो. त्याच ग्रंथाला इंग्रजी प्रस्तावना जोडलेली आहे व अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लोकांस उद्देशून आहे. त्या इंग्रजीत टोमणा नाही, संवाद नाही. त्यात युक्तिवाद आहे, आणि तो गंभीर व संथ आहे. इंग्रजी कच्चे म्हणून असे झाले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो बरोबर वाटत नाही. धोंडिबाचा प्रश्न ज्याच्या ओळखीचा तो वाचक मराठी होता. त्याला हसविता येत होते, डिवचता येत होते. दूरच्या वाचकाला प्रथम वस्तुस्थिती सांगावयास हवी होती. उपरोध समानपरिचयावर जगतो, आणि जेथे तो परिचय नाही तेथे फुल्यांनी त्याला हात घातला नाही.

रमाबाईंची पुढील वाटचाल याहून विलक्षण आहे. १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे जन्मलेल्या, संस्कृतात वाढलेल्या, देशभर पायी हिंडलेल्या या बाईंनी १८८३ साली इंग्लंडला प्रयाण केले, आणि १८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक निघाले. इंग्रजीशी ओळख झाल्यापासून अवघ्या पाचेक वर्षांतील हे काम. पुस्तकाची रचना स्त्रीच्या आयुष्याच्या टप्प्यांनी चालते: बालपण, विवाह, धर्मात व समाजात स्थान, वैधव्य, आणि अखेर आवाहन. विधवांसाठी शाळा काढावयाची होती आणि तिला पैसा हवा होता. अमेरिकन स्त्रीवाचकाला बालविवाह म्हणजे काय, मनुस्मृतीचा अधिकार कोणता, केशवपन कशासाठी, यांपैकी काहीही ठाऊक नाही हे धरूनच प्रत्येक पायरी बांधली आहे. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. गद्याच्या परिणामाचे इतके रोकड प्रमाण साहित्याच्या अभ्यासकाला क्वचितच मिळते. आणि १८८९ मध्येच त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. तेथे दिशा उलटली आहे. आता अमेरिका समजावून सांगावयाची आहे आणि वाचक घरचा आहे. म्हणून तुलना, चिमटे, कौतुक यांना मोकळे रान मिळाले आहे. एकाच लेखिकेची, दोन वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन पुस्तके परभाषेतील लेखनाच्या अभ्यासकाने एकत्र वाचावीत. इंग्रजी पुस्तकाचा संयम हा भाषेच्या अपुरेपणातून आला की वाचकाच्या जाणिवेतून, याचा निवाडा त्याला तेथे करता येईल.

मात्र या दोघांच्या इंग्रजीवरून त्या काळातील सर्वसामान्य लेखनाची कल्पना करणे चुकीचे ठरेल. बहुसंख्य सुशिक्षितांनी इंग्रजी शिकली ती कचेरीत, आणि कचेरीची इंग्रजी ही कागदावरून कागदावर उतरत गेलेली इंग्रजी होती. येथे एक रूढ समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडील इंग्रजीच्या दोषांची चर्चा निघाली की मातृभाषेच्या छायेकडे बोट दाखविले जाते. वास्तविक हे दोष दोन अगदी भिन्न जातींचे आहेत. 'टुडे ओन्ली' यात मराठीचा 'आजच' आहे. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' यात चालू काळाचा मराठी सैलपणा आहे. 'अ' आणि 'द' यांची गळती आहे ती मराठीत उपपदे नसल्यामुळे. ही खरी मातृभाषेची छाया. पण 'काइंडली डू द नीडफुल', 'द सेम मे बी नोटेड', 'इट इज हियरबाय इन्फॉर्म्ड' यांत मराठी कोठे आहे? ही इंग्रज कारकुनांचीच जुनी भाषा आहे. इंग्लंडात ती मागे पडली. आपल्या दप्तरांत ती तांब्याच्या जुन्या नाण्यासारखी चालत राहिली.

या दुसऱ्या जातीचे दोष अधिक घातक आहेत, असे माझे मत आहे. उपपद गळाले तर वाचक ते मनात भरून घेतो. पण कर्ताच गळाला, तर तो कोठून भरणार? काम कोणी करावयाचे, कधीपर्यंत करावयाचे, न केल्यास काय होईल, या तीनही गोष्टी त्या कर्मणी रचनेत विरघळून जातात. आणि ही रचना पुन्हा मराठीतही शिरली. 'सूचित करण्यात येते', 'कार्यवाही करण्यात यावी' हे आजचे शासकीय मराठी इंग्रजी दप्तराच्या सावलीत वाढले आहे, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. तेव्हा आजचा मराठी पदवीधर आपल्या मातृभाषेतून इंग्रजीत जे नेतो, त्यातील काही भाग मुळात इंग्रजीतूनच मराठीत आलेला असतो. भालचंद्र नेमाडे यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला, इंग्रजीच्या मराठीवरील प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक व शैलीवैज्ञानिक अभ्यास या संदर्भात उपयोगी पडतो. याउलट अशोक केळकर यांचा 'मराठी इंग्लिश' हा 'वर्ड' या नियतकालिकातील १९५७ चा निबंध उच्चाराविषयी आहे. कागदावर उच्चार ऐकू येत नाही, म्हणून लिखित गद्याच्या विचाराला त्याहून वेगळा पाया घ्यावा लागतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. साचेबंद मायना ही काही इंग्रजांचीच देणगी नव्हे. पेशवेकालीन मोडी पत्रे उघडावीत: पदव्या, 'सेवेसी', 'विनंती उपरि', 'येथील कुशल' असा ठरलेला मायना येतो, आणि मग 'विशेष' हा शब्द. 'विशेष' आला की वाचणाऱ्याने सावध व्हावयाचे, कारण खरे पत्र तेथून सुरू होई. पुढील मजकुरात किती स्वार, कोणत्या मुक्कामी, रसद कोठून, हे रोखठोक लिहिलेले असे. मायना आणि मजकूर यांची हद्द आखलेली होती. कचेरीतील इंग्रजीने ही हद्द पुसली; तेथे मायनाच मजकूर होऊन बसला.

१८८१ च्या जानेवारीत, दोन दिवसांच्या अंतराने, पुण्यात 'मराठा' इंग्रजीत आणि 'केसरी' मराठीत निघाला. वाचकांप्रमाणे भाषेची वाटणी करण्याची ही व्यवस्था सुपरिचित आहे, व तिचा विस्तार येथे करीत नाही. मला जे वळण महत्त्वाचे वाटते ते १९३६ चे आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्षीय भाषणासाठी निमंत्रण दिले, भाषणाचा मसुदा पाहिल्यावर काही मजकुराला हरकत घेतली, आंबेडकरांनी तो बदलण्यास नकार दिला, अधिवेशन झाले नाही, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच छापून प्रसिद्ध केले. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'ची ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तिच्याकडे भाषेच्या बाजूने मात्र फारसे पाहिले गेलेले नाही. वक्ता मराठी, श्रोते पंजाबी. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले आणि आंबेडकरांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांना उत्तर दिले. म्हणजे प्रतिवादी गुजराती. या संपूर्ण वादात, ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे असा एकही पक्ष नाही. इंग्रज परीक्षक दालनाबाहेर गेलेला आहे.

आणि हेच मराठी भाषकाच्या इंग्रजी गद्याचे एक शिखर आहे, हा मला योगायोग वाटत नाही. कोलंबियातील आणि लंडनमधील अध्ययनाचा वाटा त्यात आहेच, पण १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाची भाषाही त्याच अध्ययनाची आहे आणि तिचा पोत निराळा आहे. लाहोरच्या भाषणात आंबेडकर श्रोत्यांचे गट पाडतात. राजकीय सुधारणावाद्यांना वेगळे प्रश्न, समाजवाद्यांना वेगळे प्रश्न. प्रश्न लहान आहेत आणि एकामागून एक येतात. सामान्य विधान झाले की लगेच उदाहरण येते, आणि ते गावाच्या नावासह येते: गुजरातेतील कविठा, जयपूर संस्थानातील चकवारा, पेशवाईतील पुणे. कोणी काय केले, कोणाला काय करू दिले नाही, हे कर्त्यासह सांगितले जाते. इंग्रजी म्हणींचा सोस नाही, कारण त्या म्हणी लाहोरच्या श्रोत्याच्या घरच्या नव्हेत. धर्मशास्त्रातील संज्ञा मात्र न अडखळता येतात, कारण त्या वक्त्याच्या व श्रोत्याच्या दोघांच्याही परिचयाच्या आहेत. फुल्यांना व रमाबाईंना जे समजावून सांगावे लागले ते येथे गृहीत धरता आले. आणि जेथे गृहीत धरता येते तेथे उपरोधालाही पुन्हा जागा मिळते. 'गुलामगिरी'च्या मराठी संवादातील धार इंग्रजीत प्रथम अवतरते ती या भाषणात, असे मी म्हणेन.

वाचकाच्या जाणिवेची दुसरी, अधिक सूक्ष्म कसोटी इरावती कर्वे यांच्या 'युगान्त'मध्ये पाहावयास मिळते. मराठी पुस्तक १९६७ चे. त्याला १९६८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. इंग्रजी 'युगान्त' लेखिकेने स्वतः सिद्ध केले आणि ते १९६९ मध्ये पुण्यातच निघाले. महाभारताच्या भांडारकर संस्थेतील चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ मध्ये नुकते पूर्ण झाले होते, आणि त्या संहितेच्या आधारे पुढे रुळलेल्या कथा बाजूला सारणे हा लेखिकेचा हेतू होता. येथेच दोन वाचकांचा भेद उभा राहतो. मराठी वाचक कीर्तनातून, 'पांडवप्रतापा'तून, नाटकांतून वाढलेला. त्याच्या मनातील गांधारी आणि कर्ण आधीच घडलेले आहेत, आणि लेखिका त्याच्याशी भांडते. तिचे मराठी वाक्य पुष्कळदा एखाद्या न उच्चारलेल्या आक्षेपाला दिलेले उत्तर असते. इंग्रजीच्या वाचकाशी असे भांडता येत नाही. त्याची मूर्ती कोणती, हेच ठाऊक नाही. म्हणून इंग्रजीत प्रस्तावनेने भूमिका तयार करावी लागते, वाक्ये आखूड होतात, आणि कथनाचा भाग विवेचनाला अधिक आधार देऊ लागतो. हस्तिनापुरात वधू म्हणून आलेल्या गांधारीचे प्रकरण दोन्ही भाषांत वाचावे. इंग्रजीत अलंकरण नाही, 'इंग्रजी वळण' दाखविण्याचा प्रयत्न नाही. पण वाक्य कोठे अडखळतही नाही. 'परधर्मो भयावहः' हे प्रकरणाचे नाव तर इंग्रजीतही जसेच्या तसे ठेवलेले आहे. परभाषेत लिहिणाऱ्या लेखिकेने नेमके तेच शब्द अनुवादाविना सोडावेत, यातील गंमत तिच्या ध्यानात आली नसेल असे म्हणवत नाही.

या मांडणीवर एक भक्कम आक्षेप आहे, आणि तो इंग्रजीच्याच एका प्राध्यापकाने घेतलेला आहे. नेमाडे यांनी १९८५ साली 'न्यू क्वेस्ट'मध्ये इंग्रजीत लिहिण्याच्या विरुद्ध लेख लिहिला. (तो इंग्रजीत लिहिला, याला विसंगती म्हणण्याची घाई करू नये, ज्यांना उद्देशून तो होता ते इंग्रजीतच वाचत होते.) त्यांच्या देशीवादी भूमिकेचा गाभा असा की, साहित्य एका जिवंत भाषिक समूहाच्या भूमीत उगवते, ती भूमी नसेल तर कौशल्य उरते, साहित्य उरत नाही. सर्जनशील साहित्यापुरता हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. अरुण कोलटकरांचे इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली पुस्तकरूपाने आले, १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह आला. त्या संग्रहातील मुंबईच्या बोलीचा जो वापर आहे त्याला इंग्रजीत समांतर नाही, कारण तशी बोली ज्याच्या कानात आहे असा इंग्रजी वाचकच नाही. परंतु गद्याचा प्रश्न निराळा आहे. साक्ष, निवेदन, युक्तिवाद, पत्र, सूचना या लेखनाला भूमीपेक्षा पत्ता हवा असतो. आणि १९३६ मध्ये दिसलेली परिस्थिती, म्हणजे एका भारतीयाने दुसऱ्या भारतीयाला इंग्रजीत लिहिणे, ही आता अपवाद राहिलेली नाही. एचएसआर लेआउटमध्ये ती नित्याची आहे.

तेथील लेखनाला या परंपरेतून काय घेता येईल? २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरात पाण्याची तीव्र टंचाई झाली. कूपनलिका आटल्या आणि टँकरवर दिवस काढावे लागले. अशा वेळी गृहसंकुलाच्या फलकावर लागणारी सूचना हा गद्याचा क्षुद्र नमुना नव्हे. 'पाण्याचा वापर काटकसरीने व्हावा अशी विनंती करण्यात येते' या अर्थाचे दप्तरी इंग्रजी वाक्य तेथे कोणालाच काही करावयास लावत नाही. टँकर किती वाजता येतो, झडप कोण उघडतो, गच्चीवरील टाकी किती वेळात भरते, तोपर्यंत कोणत्या मजल्यांना पाणी मिळणार नाही, हे जर कर्ता आणि वेळ यांसह लिहिले, तर त्यातील एखादे 'द' गळाले तरी बिघडत नाही. तमिळ भाडेकरूला आणि बंगाली शेजाऱ्याला ते कळते. उलट इंग्रजी कादंबऱ्यांतून उचललेली लकब, वाक्प्रचाराची चमक, ही त्या दोघांनाही अडवील. आणि लिहिणाऱ्याला ती नेमकी साधली आहे की नाही, हे सांगणारा कोणी तेथे नाही. मराठी छायेच्या चुका सुधाराव्यातच, त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण इंग्रजी लेखनाचे वर्ग आज आपली बहुतेक शक्ती त्यांवरच खर्च करतात, आणि नाहीशा झालेल्या कर्त्याकडे कोणी पाहत नाही.

एक चिंता मात्र उरते. ज्यांची नावे वर आली त्या फुले, रमाबाई, आंबेडकर, इरावती यांपैकी प्रत्येकाने ज्या वर्षांत इंग्रजी लिहिले त्याच वर्षांच्या आसपास मराठी गद्यही लिहिले. आंबेडकरांच्या इंग्रजी ग्रंथांच्या जोडीला 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांचे अग्रलेख आहेत. दोन वाचकांत रोज फरक करावा लागत असल्यामुळे त्यांना वाचक दिसत होता. एचएसआरमधील मराठी अभियंता दिवसभर इंग्रजी लिहितो आणि मराठीत, घरच्या मंडळींना पाठविलेल्या चार ओळी सोडल्या, तर काहीच लिहीत नाही. त्याची इंग्रजी अधिक शुद्ध असेल. पण तिला तोलून पाहण्यासाठी दुसरे पारडे त्याच्यापाशी नाही. याला उत्तर म्हणून शशी देशपांडे यांचे नाव पुढे करता येईल. १९३८ साली धारवाडला जन्मलेल्या, कन्नड नाटककार श्रीरंगांच्या या कन्येची आई मराठी भाषक. बंगळुरात त्यांचे दीर्घ वास्तव्य. आणि लेखन सारे इंग्रजीत. 'दॅट लाँग सायलेन्स'ला १९९० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. त्या कादंबरीत 'वनितामामी', 'रामूकाका', 'मकरंदमामा' हे नात्याचे शब्द नावांना चिकटून येतात आणि त्यांचा अर्थ सांगण्यासाठी वाक्य थांबत नाही. ज्या वाचकाला 'मामी' म्हणजे कोण हे ठाऊक आहे तोच त्यांनी आपला वाचक धरला. पुढे गौरी देशपांडे यांची मराठी लघुकादंबरीही त्यांनी इंग्रजीत आणली. तेव्हा मराठीत न लिहिणाऱ्या लेखिकेच्याही हाताशी मराठी होती, ऐकण्यावाचण्यापुरती का होईना.

हा धीटपणा एचएसआरच्या व्यवहारी इंग्रजीत अगदीच नाही असे नव्हे. तेथील घराच्या वा भूखंडाच्या खरेदीचे कागद पाहावेत. भूखंडाला 'साइट' म्हणतात, आणि मालमत्ता महापालिकेच्या दप्तरी 'ए खाता' आहे की 'बी खाता', यावर कर्ज मिळेल की नाही हे ठरते. 'खाता' हा शब्द मराठी आणि कन्नड महसुली दप्तरांच्या समाईक संपत्तीतला. त्याच्या जागी 'अकाउंट' घातले तर बँकेतील खाते समजून घोटाळा होईल, म्हणून वकील तो बदलत नाही, बँक बदलत नाही, आणि दिल्लीहून आलेला खरीददारही आठवड्याभरात तो वापरू लागतो. तो तिरप्या टाइपात छापावा किंवा काय, हा प्रश्न त्या कागदांवर कोणालाच पडलेला दिसत नाही.